एक कनेक्शन, अख्खं घर: घरच्या नेटवर्कबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरज भागात घरोघरी वायर ओढून राउटर बसवायचं काम मी करतो. काम संपवून निघालो की आठवड्याभरात फोन सुरू होतात: "वरच्या खोलीत येत नाही", "लाइट गेली की सगळंच बंद". तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. बहुतेक घरांत कंपनीकडून दारापर्यंत येणारं नेट ठीक असतं. घोळ होतो तो दारापासून पलंगापर्यंतच्या तीस फुटांत. निम्मी उत्तरं त्या तीस फुटांवरच आहेत.

१. मोडेम, ओएनटी, ओएनयू, राउटर... नक्की कोणता डबा काय करतो?

फायबरमधून घरात येतो तो उजेड. त्याचं उपकरणांना कळेल अशा संदेशात रूपांतर करतो तो ओएनटी. आपल्याकडचा टेक्निशियन त्यालाच ओएनयू म्हणतो. घरापुरतं दोन्ही एकच समजा. पूर्वी टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर हे काम मोडेम करायचा, म्हणून वडीलधारी मंडळी अजून सगळ्याच डब्यांना मोडेम म्हणतात. राउटर म्हणजे आलेलं नेट घरातल्या सगळ्यांना वाटून देणारा डबा, आणि वाय-फाय ही त्याची वाटपाची एक पद्धत. दुसरी पद्धत वायरची.

हल्ली कंपनी देते त्या एकाच डब्यात हे सगळं असतं. ओळखायची खूण सोपी आहे. हिरव्या किंवा निळ्या टोपणाची बारीक वायर थेट अँटेनावाल्या डब्यात जात असेल, तर सगळं एकात आहे. ती एका छोट्या डब्यात जाऊन तिथून जाड लॅन वायर दुसऱ्या डब्यात येत असेल, तर ओएनटी वेगळा आणि राउटर वेगळा. तुमच्याकडे काय आहे ते आत्ताच बघून ठेवा, प्रश्न १० आणि १५ मध्ये लागेल.

२. कनेक्शन एकाच्या नावावर, मग घरातले दहा मोबाईल त्यावर कसे चालतात?

कंपनी तुमच्या घराला बाहेरचा एक पत्ता देते. राउटर आत प्रत्येक उपकरणाला आपला वेगळा पत्ता देतो, बहुतेक वेळा १९२.१६८ ने सुरू होणारा. चाळीत पत्रं एकाच पत्त्यावर यावीत आणि खाली बसलेल्या माणसाने ती खोलीनुसार पोचवावीत, तसं हे. कोणत्या मोबाईलने काय मागितलं होतं हे राउटर लक्षात ठेवतो आणि उत्तर आलं की त्याच मोबाईलकडे धाडतो. आतल्या वापरासाठीचे हे आकडे जगभर राखून ठेवलेले आहेत. त्यामुळे तुमच्या टीव्हीचा आणि शेजारच्यांच्या फ्रिजचा आकडा एकच निघाला तरी काही बिघडत नाही.

३. किती एमबीपीएसचा प्लॅन घेऊ?

एमबीपीएस म्हणजे नेटचा वेग, सेकंदाला इतके मेगाबिट. चार-पाच माणसांच्या घराला ५० ते १०० पुरतं. साधा एचडी सिनेमा सुमारे ५ एमबीपीएस खातो, फोर-के असेल तर १५ ते २५, व्हिडिओ कॉल २ ते ४. दोन टीव्ही, दोन कॉल आणि मुलांचे मोबाईल एका वेळी धरले तरी बेरीज शंभराच्या आत राहते. गंमत म्हणजे, २०२३ पासूनच्या सरकारी व्याख्येप्रमाणे किमान २ एमबीपीएस मिळालं तरी ते ब्रॉडबँड.

एक नेहमीचा गैरसमज इथेच संपवू. प्लॅनवरचा आकडा बिटमध्ये असतो, डाउनलोडचा आकडा बाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० च्या प्लॅनवर फाइल सेकंदाला १२ एमबीच्या आसपास उतरत असेल तर तुम्हाला पूर्ण शंभर मिळतंय. भांडायला जाऊ नका.

४. कंपनीच्या माणसाने राउटर दाराशेजारी, मीटरच्या वर बसवला. तिथेच ठेवला तर चालेल?

त्याला वायर कमी लागते म्हणून तो तिथे बसवतो. त्याचा दिवस संपतो, तुमचा त्रास सुरू होतो. फायबर आत ओढायला लागणाऱ्या पंधरा मीटर वायरचे जास्तीचे पैसे द्या आणि डबा घराच्या मध्यावर घ्या. प्लॅन वाढवण्यापेक्षा हा खर्च कधीही चांगला, आणि एकदाच करायचा.

राउटरचा संदेश चहूबाजूंना पसरतो. दारात ठेवलात तर निम्मा रस्त्यावर जातो. जमिनीवर ठेवलात तर फरशीत जिरतो. डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर, भिंतीपासून चार बोटं सुटा ठेवा. टीव्हीच्या मागे नको, शोकेसच्या आत नको, आणि लोखंडी कपाटाशेजारी तर अजिबात नको. लोखंड संदेश अडवतं, परतवतं. आरसाही तेच करतो, कारण काचेमागे धातूचा मुलामा असतो. पाणी संदेश पिऊन टाकतं, म्हणून मासे पाळलेली काचेची पेटी किंवा पाण्याचं पिंप मध्ये नको.

भिंतींचंही तसंच आहे. चार इंची विटेच्या भिंतीतून संदेश बऱ्यापैकी जातो. स्लॅबमध्ये सळ्या असतात, तो जड जातो. जुन्या वाड्यांच्या दोन फुटी दगडी भिंती आणि कोकणातल्या जांभ्याच्या भिंती यांपुढे चांगला राउटरही हात टेकतो, आणि पावसाळ्यात भिंत ओल धरते तेव्हा आणखीच. अशा घरात सोप्यातला राउटर माजघरापर्यंत पोचला तरी नशीब समजा. तिथे पुढे वायरच लागते, प्रश्न ७ पाहा.

अँटेना उभ्या ठेवल्या की संदेश आडवा पसरतो, म्हणजे त्याच मजल्यावर. वरच्या मजल्यालाही थोडं द्यायचं असेल तर एक अँटेना आडवी करून बघा. फुकटचा उपाय आहे. कधी लागू पडतो, कधी नाही.

५. एकाच राउटरची दोन नावं दिसतात, एकापुढे ५जी लिहिलंय. माझा मोबाईल ४जी आहे, मग चालेल का?

त्या ५जीचा मोबाईलच्या ५जीशी काही संबंध नाही. तिथे ५ म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, दुसरं नाव २.४ गिगाहर्ट्झचं. २.४ लांब जातं, भिंती ओलांडतं, पण वेग कमी आणि गर्दी फार. त्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि अख्खी बिल्डिंग त्या तिघांवर बसलेली असते. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात चालतो, म्हणून दूध गरम करताना कॉल तुटतो. ५ गिगाहर्ट्झला वेग जास्त, जागा जास्त, पण एका भिंतीतच दम लागतो.

राउटरच्याच खोलीत असाल तर ५ घ्या, दोन भिंती पलीकडे असाल तर २.४. दोन्हींना एकच नाव देऊन मोबाईललाच निवडू देण्याची सोय बहुतेक नव्या राउटरमध्ये असते आणि घरातल्या वयस्करांसाठी ती बरी. अपवाद प्रश्न ११ मध्ये.

६. प्लॅन २०० चा आहे. मोबाईलवर ४० दाखवतं, लॅपटॉपला वायर लावली तर ९४. कंपनी फसवतेय का?

९४ हा आकडा बघितला की मी ओळखतो. मध्ये कुठेतरी शंभराचा अडथळा आहे. जुन्या राउटरचे लॅन पोर्ट शंभराचे असतात आणि त्यातून प्रत्यक्षात ९४-९५ च मिळतं. किंवा वायरच्या आठ तारांपैकी एक तुटली आहे: शंभराला दोन जोड्या पुरतात, हजाराला चारही लागतात, त्यामुळे एक तार गेली की लिंक गपचूप शंभरावर उतरते. आधी वायर बदलून बघा, मग राउटर.

मोबाईलवरचे ४० म्हणजे बहुधा तो २.४ वर आहे. राउटरशेजारी उभं राहून ५ वर जोडा आणि पुन्हा मोजा. वायरने थेट आणि चांगल्या पोर्टवरही ९०-१०० च्या वर जात नसेल, तरच कंपनीला फोन करा. वाय-फायवरच्या वेगाची तक्रार ते ऐकून घेत नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांचं फारसं चुकत नाही.

७. वरच्या मजल्यावर रेंज नाही. रिपीटर घेऊ, मेश घेऊ की वायर टाकू?

वायर टाका. एवढंच उत्तर द्यायला मला आवडलं असतं, पण फरशी झालेली असते, रंग झालेला असतो आणि घरच्यांना केसिंग पट्टी नको असते.

रिपीटर म्हणजे मधल्या खोलीत उभं राहून ओरडून निरोप पुढे देणारा माणूस. तो ऐकतो आणि मग तेच पुन्हा बोलतो. एकाच पट्ट्यात दोन्ही कामं करणाऱ्या स्वस्त रिपीटरचा वेग त्यामुळे निम्म्यावर येतो. शिवाय लोक तो रेंज जिथे नाही तिथे लावतात. त्याला स्वतःलाच ऐकू आलं नाही तर पुढे काय सांगणार? तो राउटर आणि अंधाऱ्या खोलीच्या मध्ये, निदान दोन-तीन कांड्या येतात तिथे लावायचा. आजोबांच्या खोलीत व्हॉट्सअ‍ॅप कॉलपुरतं हवं असेल तर रिपीटर पुरतो.

मेश म्हणजे आपसांत नीट बोलणारे दोन-तीन डबे, एकच नाव, चालत गेलात तर मोबाईल आपोआप जवळच्या डब्याकडे सरकतो. सोय चांगली, किंमत जास्त. पण दगडी भिंत मध्ये असेल तर मेशलाही चमत्कार जमत नाही. मेशचे डबे एकमेकांना वायरने जोडले तर मात्र घर उजळतं.

बांधकाम चालू असेल तर इलेक्ट्रिशियनला आजच सांगा: प्रत्येक मजल्याच्या मध्यावर आणि टीव्हीच्या मागे भिंतीत गाडलेला एक रिकामा पाइप, विजेच्या पाइपपासून वेगळा. वायर नंतर कधीही ओढता येते, पाइप नंतर टाकता येत नाही. झालेल्या घरात जिन्याच्या कडेने, डिशच्या जुन्या भोकातून किंवा बाहेरच्या भिंतीवरून पाइपातून वायर वर नेता येते. वर गेली की पुढे प्रश्न ९.

जे उपकरण जागचं हलत नाही, म्हणजे टीव्ही, ऑफिसचा कॉम्प्युटर, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारा डबा), त्याला वायर. जे हातात फिरतं त्याला वाय-फाय. मी घरात शिरलो की आधी हीच वाटणी करतो.

८. दुकानात कॅट ६ वायरचे दोन भाव सांगितले. स्वस्तातली घेतली तर काय होतं?

स्वस्त वायरीत बहुधा ॲल्युमिनियमची तार असते आणि वर तांब्याचा मुलामा. तिला सीसीए म्हणतात. सुरीने तार खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर परत करा. ती लवकर तुटते, अंतर वाढलं की दम सोडते, आणि त्याच वायरीतून कॅमेऱ्याला वीज द्यायची असेल तर तापते. पूर्ण तांब्याची कॅट ५ई, म्हणजे कॅट ६ च्या आधीची लॅन वायर, देखील १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट नेते. घरात त्यापुढे फारसं काही लागत नाही. मुलाम्याच्या कॅट ६ पेक्षा तांब्याची कॅट ५ई परवडली.

जॅक पंच करताना दोन्ही टोकांना रंगांचा क्रम सारखा ठेवा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळी जोडी हिरवीच्या मध्ये येते हे विचित्र दिसतं, पण तेच बरोबर. "दोन्हीकडे सारखं आहे ना, मग कसेही रंग लावा" असं म्हणणारे भेटतात. एका जोडीतल्या दोन तारांची ताटातूट झाली की लांब वायरीवर लिंक धडपडते, आणि मग मला बोलावणं येतं.

९. जुना राउटर माळ्यावर पडून आहे. वरच्या मजल्यावर वापरता येईल?

येईल, आणि माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि मस्त उपाय तोच. त्याच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड (पत्ते न वाटता फक्त वाय-फाय देणं) असेल तर तो निवडा आणि काम झालं. नसेल तर हाताने करावं लागतं. आधी तो लॅपटॉपला एकटाच जोडा. त्याचा आतला पत्ता बदला: खालचा राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. मग त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करा, कारण पत्ते वाटणारा माणूस घरात एकच हवा. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड खालच्यासारखाच ठेवा, चॅनल मात्र वेगळा. शेवटी खालून आलेली वायर त्याच्या लॅन पोर्टमध्ये खोचा, वॅनमध्ये, म्हणजे बाहेरचं नेट घेणाऱ्या पोर्टमध्ये, नको. निळ्या किंवा वेगळ्या रंगाचा तो वॅन. इथेच दहातले आठ चुकतात.

१०. कंपनीच्या डब्याला मी माझा चांगला राउटर जोडला. नेट चालतं, पण वरचा प्रिंटर खालच्या मोबाईलला दिसत नाही.

घरात दोन वाटपवाले झाले. तुमचा राउटर कंपनीच्या डब्यामागे आपलं वेगळं घर मांडून बसलाय, आणि एका घरातल्याला दुसरं दिसत नाही. ऑनलाइन गेम आणि ऑफिसचं व्हीपीएनही (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी खाजगी वाट) अशा वेळी कुरकुरतात. दोन वाटा आहेत. आपला राउटर प्रश्न ९ प्रमाणे ॲक्सेस पॉइंट करा. किंवा कंपनीला फोन करून त्यांचा डबा ब्रिज मोडमध्ये टाकायला सांगा, म्हणजे तो वाटप सोडून नुसतं नेट पुढे देईल, आणि पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीकडे लॉगिन करायचं, युजरनेम-पासवर्ड मागून आपल्या राउटरमध्ये भरा. पहिली वाट सोपी, दुसरी नीटस.

दोन राउटर नसतानाही प्रिंटर दिसत नसेल, तर मोबाईल गेस्ट नेटवर्कवर आहे का बघा. गेस्टवाल्याला घरातली उपकरणं दिसू नयेत यासाठीच ते असतं.

११. नवा बल्ब, कॅमेरा वाय-फायला जोडलाच जात नाही. पासवर्ड बरोबर आहे.

असली उपकरणं बहुतेक फक्त २.४ वर चालतात. जोडताना मोबाईल ५ वर असेल तर काहींना ते समजत नाही. दोन्ही पट्ट्यांना तात्पुरती वेगळी नावं द्या, मोबाईल २.४ वर आणा, उपकरण जोडा, मग हवं तर नावं पुन्हा एक करा. वाय-फायच्या सुरक्षेत फक्त डब्ल्यूपीए३ ही नवी पद्धत निवडली असेल तरीही जुनी उपकरणं नकार देतात. डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही चालू ठेवा.

१२. रीसेट करा म्हणाले म्हणून पिन टोचली, आणि आता नेट पूर्णच गेलं.

रीस्टार्ट म्हणजे बटण बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणं. रीसेट म्हणजे पाटी पुसणं. दहा सेकंद पिन टोचलीत की पीपीपीओईची माहितीही जाते. कंपनीला फोन करून ती परत भरून घ्यावी लागेल. पुढच्या वेळेसाठी ती कागदावर लिहून राउटरच्या पोटाला चिकटवून ठेवा.

१३. शेजाऱ्यांनी पासवर्ड मागितला. निम्मे पैसे देतो म्हणतात. द्यावा का?

एक दिवस त्यांच्या मुलाची परीक्षा असेल तर द्या, शेजारधर्म आहे. कायमचं वाटून घेणं मात्र टाळा. बहुतेक कंपन्यांच्या अटींत घराबाहेर वाटायला किंवा विकायला मनाई असते, आणि त्याहून मोठं कारण म्हणजे त्या कनेक्शनवरून जे काही होईल त्याची पहिली विचारणा तुमच्याकडे होते. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वाहिन्यांना गेलेल्या ईमेलचा माग काढत पोलीस नवी मुंबईतल्या एका घरी पोचले. तिथे राहणाऱ्या माणसाचा त्या मेलशी संबंध नव्हता. त्याचं वाय-फाय दुसऱ्याच कोणीतरी वापरलं होतं. ते निस्तरताना त्याला किती चौकशीला तोंड द्यावं लागलं असेल, विचार करा.

पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क चालू करा, वेगळ्या पासवर्डचं. लग्नकार्य उरकलं की तो बदला. मुख्य पासवर्ड बारा-चौदा अक्षरांचा असू द्या; घराचं नाव आणि १२३ नको, मोबाईल नंबर तर नकोच. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय, बंद करा; त्याच्या आठ आकडी पिनमधली खोट २०११ मध्येच उघड झाली आहे. आणि राउटरच्या सेटिंगचा ॲडमिन पासवर्ड वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो, तोही बदला.

१४. आमची खानावळ आहे. गिऱ्हाइकांना वाय-फाय द्यायचंय, थोडे पैसेही घ्यायचेत.

त्यासाठी पीएम-वाणी योजना आहे, केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० ला मंजूर केलेली. दुकानदाराला त्यात परवाना, नोंदणी, शुल्क काही लागत नाही. गिऱ्हाइकाची ओळख आणि हिशेब मधली संस्था बघते. घरगुती कनेक्शनवरून परस्पर विकू नका.

१५. लाइट गेली की नेट जातं. इन्व्हर्टर तर नाही.

राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, पुस्तकाएवढा. घेण्याआधी राउटरच्या ॲडाप्टरवरचे बारीक आकडे वाचा. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, बहुधा १२. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. दहा वॉट खाणारा डबा तीस वॉट-अवरच्या बॅटरीवर साधारण तीन तास निघतो, नव्यात; दोन वर्षांनी निम्माच. ओएनटी वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते, लोक हे विसरतात.

घरात सगळं चालू असून नेट गेलं, तर कंपनीच्या बाजूने लाइट गेली आहे. फायबर थेट घरापर्यंत असेल तर वाटेतल्या फाट्यांना वीज लागत नाही. पण गल्लीतल्या गच्चीवर स्विचचा डबा ठेवून तिथून लॅन वायर दिली असेल तर तो डबा बंद पडतो. त्यावर तुमच्या घरी इलाज नाही.

१६. वळवाच्या पावसात दोनदा राउटर जळला. काय करू?

गच्च्यांवरून आलेली तांब्याची लॅन वायर म्हणजे विजेला घरात यायचं आमंत्रण. वीज वायरीवर पडावी लागत नाही, जवळपास कडाडली तरी धक्का येतो. जमेल तर फायबर घ्या, काच वीज वाहत नाही. मात्र बाहेरून येणाऱ्या फायबरला आधारासाठी पोलादी तार असते. ती घराबाहेरच तोडून वेगळी केलेली आहे ना बघा. मग उरतो सॉकेट. ढग वाजायला लागले की ॲडाप्टर उपटा, बटण बंद करून भागत नाही. आणि घराचं अर्थिंग तपासून घ्या. मी तपासलेल्या जुन्या घरांत तीन पिनांपैकी तिसरी पुष्कळदा शोभेची निघाली.

१७. डब्यावर लाल दिवा लुकलुकतोय.

शेजारी एलओएस लिहिलेलं असेल तर फायबरमधून उजेड येत नाहीये. कुठे मुडपलीय का, दारात चेमटलीय का, उंदराने कुरतडलीय का बघा आणि कंपनीला कळवा. टोपण काढून डोळ्याला लावू नका. तो उजेड दिसत नाही, पण असतो.

१८. रात्री दहानंतर मुलांचं नेट बंद होईल असं केलं होतं. मुलगा तरी बघतोच!

राउटर मोबाईल ओळखतो तो मॅक पत्त्यावरून, म्हणजे उपकरणाच्या ओळख-क्रमांकावरून, आणि ॲन्ड्रॉइड १० पासून, आयफोनमध्ये २०२० पासून, मोबाईल खऱ्या पत्त्याऐवजी बनावट देतात. नेटवर्क विसरून पुन्हा जोडणं वगैरे खटपटी करून तो बदलता येतो आणि पोरांना हे आपल्या आधी कळतं. त्याच्या मोबाईलमध्ये तुमच्या वाय-फायपुरती ती सोय बंद करा. किंवा मुलांसाठी वेगळं नाव ठेवून ते नावच दहाला बंद करा. मग तो मोबाईल डेटावर जाईल. तिथून पुढे राउटरचं काम संपतं, आई-बाबांचं सुरू होतं.

१९. गावच्या घरी कॅमेरे लावलेत. गावात दिसतात, पुण्यातून आणि लेकीला अमेरिकेतून दिसत नाहीत. पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे राउटरमध्ये बाहेरून आत यायचं दार उघडणं, केलंय.

राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता बघा. १० ने किंवा १००.६४ ते १००.१२७ मधल्या आकड्याने सुरू होत असेल तर तुम्हाला स्वतःचा बाहेरचा पत्ताच नाही. कंपनीने शेकडो घरं एका पत्त्यामागे बसवलीत. प्रश्न २ मधली चाळ एका मोठ्या चाळीच्या आत आहे. बाहेरून आलेला माणूस पहिल्याच दारात अडतो, मग तुम्ही आत कितीही पोर्ट उघडा.

सोपा मार्ग म्हणजे डीव्हीआरवरचा क्यूआर कोड स्कॅन करून त्याच्याच ॲपमधून बघणं, कारण त्यात डीव्हीआर स्वतः आतून बाहेर जोडणी करतो. तेवढ्यावर भागत नसेल तर कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा न बदलणारा बाहेरचा पत्ता, घ्या; वेगळे पैसे पडतात. पोर्ट उघडायचाच असेल तर त्याआधी डीव्हीआरचा पासवर्ड बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने कंपनीचेच पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर प्रचंड संख्येने ताब्यात घेतले होते.

२०. दोन कंपन्यांची दोन कनेक्शनं जोडली तर वेग दुप्पट होईल?

एका फाइलचा नाही. दोन वॅन पोर्टवाला राउटर माणसं दोन रांगांत वाटतो, पण एकेक माणूस एकाच रांगेत असतो. खरा उपयोग वेगळा आहे: एक गेलं की दुसरं आपोआप चालू होतं. घरून काम करणाऱ्याने फायबरला जोड म्हणून सिमवाला राउटर ठेवला तर बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

२१. आमच्या वाडीत फायबरच नाही.

सिमवर चालणारा राउटर घ्या, बाहेरची अँटेना लावता येईल असा. टॉवर ज्या बाजूला आहे त्या खिडकीत ठेवा. मध्यावर ठेवायचा नियम इथे उलटा होतो, कारण आधी त्याला स्वतःला नेट मिळालं पाहिजे. प्रत्येक कंपनीचं सिम मोबाईलमध्ये टाकून आधी त्याच खिडकीत, संध्याकाळी आठच्या गर्दीत मोजा. सकाळी सहाचा वेग बघून घेतलेलं सिम फसवतं. महिन्याची डेटाची मर्यादाही वाचा, टीव्ही ती आठवड्यात संपवतो.

२२. घरापासून मळ्यातल्या गोठ्यापर्यंत दीड-दोनशे मीटर आहे. तिथे कॅमेरा हवाय.

लॅन वायर शंभर मीटरला संपते, आणि उघड्या रानातून तांबं नेलं तर प्रश्न १६ आलाच. दोन पर्याय. फायबर टाकायची आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरला लॅन वायरशी जोडणारे डबे, लावायचे. चर खणून, पाइपात घालून, नांगराच्या खाली जाईल इतकी खोल. किंवा ५ गिगाहर्ट्झच्या छोट्या डिशची जोडी, एक घराच्या गच्चीवर, एक गोठ्यावर, तोंडाला तोंड करून. अशी जोडी एक-दोन किलोमीटरही सहज जाते, अट एकच की मध्ये काही नको.

एका ठिकाणी आम्ही जूनमध्ये ती गोठ्याच्या पत्र्याला लावली. चित्र झकास. सप्टेंबरात ते अडखळायला लागलं, दिवाळीला बंद. दोनदा सेटिंग बघितल्या, एकदा डिश बदलली. तिसऱ्यांदा गच्चीवर उभं राहिलो तेव्हा गोठा दिसेचना, मध्ये बारा फुटांचा ऊस उभा होता. जानेवारीत तोड झाली आणि लिंक आपोआप परत आली. आता त्या गोठ्यावर वीस फुटी पाइप आहे.